झुरक्याआधीचा फोन

(आपल्या गटाच्या मेळाव्यात ‘व्यसन आणि आपण’ या सत्रात केलेले भाषण. अनेकांनी मागितल्यामुळे इथे देत आहोत.)



माझ्या आधीचे वक्ते दारूबद्दल बोलले. मी सिगारेटबद्दल बोलणार आहे, पण तज्ज्ञ म्हणून नव्हे. बारा वर्षं रोज सिगारेट ओढलेली बाई म्हणून. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना हे आज पहिल्यांदाच कळतंय, याची मला कल्पना आहे. माझा मुद्दा नेमका तोच आहे.

माझी आजी तव्यावर तंबाखू भाजून त्याची मिश्री करायची. सकाळी ती हिरड्यांना लावल्याशिवाय तिला काही सुचायचं नाही. तिला कुणी व्यसनी म्हटलं नाही. मी १९९५ साली इंग्लंडला शिकायला आले आणि लॅबच्या मागच्या दाराशी इतरांबरोबर सिगारेट ओढू लागले. इथल्या मित्रांसमोर उघडपणे, आपल्या माणसांपासून लपवून. मंडळाच्या गणपतीला जाताना अंगावर अत्तर आणि तोंडात वेलदोडा. आजीचं आणि माझं निकोटिन एकच. फरक एवढाच की तिला लपवावं लागलं नाही.

एकटीने मी पाच वेळा सिगारेट सोडली. दर वेळी पाकीट कचऱ्यात टाकलं, आणि एकदा तर रात्री कचऱ्यातून परतही काढलं. ‘मन खंबीर हवं’ हे आपलं आवडतं वाक्य. पण जरा शरीराचं गणित बघा. झुरका घेतल्यावर दहा-वीस सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं. साधारण दोन तासांत रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर येतं आणि बेचैनी सुरू होते. पुढची सिगारेट ती बेचैनी घालवते, आणि आपण म्हणतो, ‘सिगारेटनं ताण जातो.’ आधीच्या सिगारेटनं दिलेला ताणच पुढची घालवत असते! अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या १९८८च्या अहवालात निकोटिनच्या व्यसनाची तुलना हेरॉइन आणि कोकेनच्या व्यसनाशी केली होती. हा चारित्र्याचा दोष नाही.

१ जुलै २००७ला इंग्लंडमध्ये पब आणि ऑफिसांच्या आत धूम्रपानाला बंदी आली. त्याच सुमारास मी एनएचएसच्या सिगारेट सोडवणाऱ्या गटात गेले. लायब्ररीतली एक खोली, गोल मांडलेल्या खुर्च्या, दर मंगळवारी संध्याकाळी. एक बसचालक, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या दोघी, एक निवृत्त गवंडी आणि मी. दर आठवड्याला एका छोट्या यंत्रात फुंकायचं. ते श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजतं. पहिल्या दिवशी माझा आकडा २४ आला. सोडल्यानंतरच्या मंगळवारी ३. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पीएचडी मिळाली तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता!

दंडावर निकोटिनचा पॅच होता, आणि त्याचा उपयोग झालाच. पण संध्याकाळी सातला जेव्हा तल्लफ यायची तेव्हा उपयोगी पडली ती फोन नंबरांची चिठ्ठी. आमच्या जोड्या लावल्या होत्या. माझा जोडीदार तो बसचालक. तल्लफ काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ बोलत राहायचं. आम्ही फुटबॉल, पाऊस, त्याच्या मुलीचं लग्न, काहीही बोलायचो. नियम एकच: फोन झुरक्याआधी करायचा, नंतर नाही.

मग २०११ साली माझे वडील गेले. मी पुण्याला गेले. दहाव्याच्या रात्री गच्चीवर चुलतभावाने सिगारेट पुढे केली. चार वर्षं झाली होती, एकीने काय होतंय! परत आले ती रोजच्या दहांवर. आणि मी त्या मित्राला फोन केला नाही. लाज वाटली. त्यानेच केला, दर सप्टेंबरला आमचा ‘वाढदिवस’ म्हणून करायचा तसा. मी म्हणाले, सगळं छान चाललंय. फोन ठेवला आणि बाहेर जाऊन सिगारेट पेटवली.

दोन दिवसांनी मीच फोन करून खरं सांगितलं. तो रागावला नाही की त्याने उपदेश केला नाही. एवढंच विचारलं, “पुढची कधी ओढणार आहेस? त्याच्या पाच मिनिटं आधी मला फोन कर.” त्या आठवड्यात मी त्याला एकोणीस वेळा फोन केला. त्यानंतर आजपर्यंत एकही सिगारेट नाही.

ही काही परदेशातली नवलाई नाही. पुण्यात सुनंदा आणि अनिल अवचटांनी १९८६ साली सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’मध्ये व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच पुढच्यांना आधार देतात. जो त्या खड्ड्यात पडला होता, त्याला कुठे पाय ठेवायचा ते ठाऊक असतं. त्याला देवापुढची शपथ लागत नाही की अंगारा लागत नाही. लागतो तो खरं ऐकून घेणारा माणूस.

आणि इथेच आपण, स्वतःला पुरोगामी म्हणवणारे, कमी पडतो. आपण अंधश्रद्धेवर तासन्‌तास बोलतो, पण आपल्यातली एखादी मुलगी गाडीत बसून वेलदोडा चघळत असेल तर तिला आपल्याकडे यावंसं वाटेल का? गेल्या वर्षी एका मैत्रिणीने मला सांगितलं की तिला व्हेप सोडायचं आहे. व्हेप सिगारेटपेक्षा कमी घातक खरं, पण बहुतेकांत निकोटिन असतंच. ती म्हणाली, “ताई, तुम्ही ओढत होतात हे आधी माहीत असतं तर दोन वर्षांपूर्वीच आले असते.” हे वाक्य मला लागलं. म्हणून आज इथे उभी आहे.

औषधांसाठी तुमच्या जीपीकडे किंवा फार्मसीत जा. इंग्लंडमध्ये सिगारेट सोडवणाऱ्या स्थानिक सेवा आजही मोफत आहेत. पण त्याबरोबर एक माणूस शोधा. चहाच्या वेळी मी खिडकीजवळच्या टेबलाशी बसेन. सोडायची असेल त्यांनी या. सोडलेली असेल त्यांनी तर नक्कीच या. आपला नंबर कुणाला तरी लागणार आहे.