राहिलेले पाच गुण



नशिराबादहून जळगावला शिकवणीस जाणारा विद्यार्थी ९५ गुण मिळवून येतो आणि घरात पहिला प्रश्न निघतो, "राहिलेले ५ कुठे गेले?" प्रश्न मायेपोटीच असतो. परंतु पॉल हेविट व गॉर्डन फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ साली परिपूर्णतेच्या आग्रहाचे तीन प्रकार मांडले. त्यांपैकी इतरांच्या अपेक्षेतून लादला गेलेला आग्रह खिन्नतेशी विशेष निगडित आढळतो. स्वतःहून उच्च ध्येय ठेवणे निराळे. त्याची निंदा कोणी करू नये. चुकलो तर घरच्यांच्या मनातून उतरू, ही धास्ती निराळी. धास्तावलेले मूल अवघड गणिताला हातच घालीत नाही.

अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली विशद केलेला आत्मविश्वास 'मी पहिला येईन' असा नव्हे. 'हे काम मला जमेल' असा असतो. तो लहान लहान यशांतून वाढतो.

जैन कथापरंपरेतील मासतुस मुनींना गुरूंनी दिलेले 'मा रुष, मा तुष' हे चार शब्दही धड पाठ होईनात. ते 'मासतुस' असेच घोकीत, लोक हसत. मुनी रुष्ट झाले नाहीत, पाठही सोडला नाही. अशुद्ध घोकणाऱ्या त्याच मुनींना केवलज्ञान प्राप्त झाले. गुरूंनी त्यांना कधी हिणवले नव्हते, हेही पालकांनी ध्यानी घ्यावे.