पंचेचाळीस मिनिटांचा न्याय

भारतांत तालुक्याच्या न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत न्यायाची एकच शिडी आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत तसें नाहीं. तेथें प्रत्येक राज्याचीं न्यायालयें निराळीं आणि संघसरकारचीं निराळीं. खून, चोरी इत्यादि बहुतेक गुन्ह्यांचे खटले राज्याच्या न्यायालयांतच चालतात. मग त्या न्यायालयानेंच अन्याय केला, तर आरोपीनें दाद कोठें मागावी?

१८६७ च्या कायद्यानें राज्याच्या बंदीलाही संघन्यायालयाकडे ‘हेबिअस कॉर्पस’चा अर्ज करण्याची वाट मोकळी झाली, म्हणजे ‘ह्या मनुष्यास कोणत्या अधिकारानें डांबलें तें सांगा’ असें तुरुंगाधिकाऱ्यास विचारण्याची सत्ता न्यायाधीशास आली. पुढील वर्षीं चौदाव्या घटनादुरुस्तीनें, विधियुक्त प्रक्रियेवांचून कोणाचाही प्राण, स्वातंत्र्य वा मालमत्ता हिरावून घेण्यास राज्यांना मनाई केली.

परंतु कायदा पुस्तकांत असणें निराळें आणि त्याचा अंमल होणें निराळें. १९१३ सालीं जॉर्जिया राज्यांत लिओ फ्रँक ह्या कारखान्याच्या व्यवस्थापकावर खुनाचा खटला झाला. जमाव इतका खवळलेला होता कीं, निकालाच्या वेळीं आरोपीनें व त्याच्या वकिलांनीं गैरहजर राहावें असें न्यायाधीशानेंच सुचविलें. तरीही १९१५ सालीं संघाच्या सर्वोच्च न्यायालयानें सात विरुद्ध दोन मतांनीं त्याचा अर्ज फेटाळला. राज्याच्या वरिष्ठ न्यायालयानें तक्रार ऐकली आहे, तेवढें पुरे, असें बहुमत पडलें. होम्स व ह्यूज ह्यांनीं विरोध नोंदविला. गव्हर्नरनें फांशीऐवजीं जन्मठेप दिली. पण ऑगस्टमध्यें जमावानें फ्रँकला तुरुंगांतून ओढून नेऊन फांसावर लटकविलें.

चार वर्षांनीं, १९१९ च्या सप्टेंबरअखेर, आर्कान्सा राज्यांत एलेन गांवाजवळ एका प्रार्थनामंदिरांत अर्धेलीनें जमीन कसणारे कृष्णवर्णीय शेतकरी आपली संघटना उभारण्यासाठीं जमले होते. तेथें गोळीबार होऊन एक गोरा मनुष्य मेला. त्यानंतर कृष्णवर्णीयांची सर्रास कत्तल झाली. आरोपी मात्र तेच ठरले, आणि बारा जणांना देहांताची शिक्षा झाली. त्यांपैकीं सहा जणांच्या अर्जांतील हकीकत अशी: साक्षीदारांना फटके मारून बोलतें केलें, ज्यूरींत कृष्णवर्णीय एकही नव्हता, नेमून दिलेल्या वकिलानें आरोपींशीं विचारविनिमय केला नाहीं, बचावाचा एकही साक्षीदार बोलाविला नाहीं, खटला पाऊण तासांत आटोपला आणि ज्यूरीनें पांच मिनिटांच्या आंत ‘दोषी’ म्हटलें.

गुलामगिरींत जन्मलेले लिटल रॉकचे वकील स्किपिओ जोन्स ह्यांनीं ह्या बारा जणांचा कैवार घेतला. १९ फेब्रुवारी १९२३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सहा विरुद्ध दोन मतांनीं निकाल दिला. तो लिहिला होम्स ह्यांनींच. जमावाच्या दडपणाखालीं सारा खटला केवळ मुखवटा ठरला असेल, आणि राज्याच्या न्यायालयांनीं तो दोष दूर केला नसेल, तर संघन्यायाधीशानें वस्तुस्थिति स्वतः तपासलीच पाहिजे, असें त्यांनीं ठरविलें. सहा जण निर्दोष आहेत असें न्यायालयानें म्हटलें नाहीं. तपासणीचें दार तेवढें उघडलें. पण तेवढ्यानें फांशी टळली, आणि जानेवारी १९२५ पर्यंत बाराही जण सुटले.

हें दार पुढें १९५३ च्या एका निकालानें अधिक रुंद झालें आणि १९९६ च्या कायद्यानें पुष्कळ अरुंद झालें. आतां अर्जास सामान्यतः एका वर्षाची मुदत आहे, आणि राज्याचा निकाल केवळ चुकीचा असून भागत नाहीं. तो अवाजवी ठरावा लागतो. खटले कधींतरी संपावेत ही राज्यांची अपेक्षाही गैर नाहीं. तथापि न्यायासनासमोर सर्व विधि यथासांग होऊनही न्याय होत नाहीं असें घडतें, आणि तेव्हां कागदापलीकडे पाहणारा कोणी असावा लागतो. आर्कान्सातील सहा माणसें तेवढ्यामुळेंच जगलीं.