अंतराचा कर
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



मुंबईत राहणे बरे की उपनगरात, हा प्रश्न वरकरणी ज्याच्या त्याच्या सोयीचा वाटतो. परंतु निवड करण्याची मुभा कितीजणांना आहे, हे आपण आधी विचारले पाहिजे.

या शहराने श्रमिकाला पुष्कळ दिले, हे प्रथम मान्य करू. गावच्या पाणवठ्यावर ज्याला मज्जाव होता, तो येथे लोकलच्या बाकावर कुणाच्याही शेजारी बसू लागला. रात्रशाळा, पालिकेची रुग्णालये, कामावरून एकटीने परतण्याची स्त्रीला लाभलेली मोकळीक, ही कमाई लहान नव्हे. गिरणगावातील एका खोलीत ज्यांच्या दोन पिढ्या वाढल्या, त्यांना डोंबिवली-विरारकडे वेगळे स्वयंपाकघर आणि घरातले शौचालय मिळाले, हेही खरे.

मात्र त्याची किंमत अंतराच्या रूपाने मोजावी लागते. विरार चर्चगेटपासून सुमारे ६० किलोमीटर आहे. जाण्यायेण्यात रोज तीन-चार तास जातात. वेतनाच्या हिशेबात ते कोठेच येत नाहीत. भाजी निवडण्याचे काम महिलांच्या डब्यात उरकावे लागते. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गर्दीने भरलेल्या लोकलमधून पडून प्रवासी मृत्युमुखी पडले. हा कर कधी असा प्राणांनीही भरावा लागतो.

हे अंतर निसर्गाने घातलेले नाही. १९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या आणि जमिनीचा प्रश्न उभा राहिला. १९९१ च्या नियमावलीने त्या जमिनीचा साधारण एकेक तृतीयांश भाग सार्वजनिक मोकळ्या जागांसाठी व सार्वजनिक घरबांधणीसाठी ठेवला होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती उरली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. आज तेथील मनोऱ्यांत झाडलोट आणि पहारा करणारा नालासोपाऱ्याहून, बदलापूरहून येतो.

गाड्या वाढवा, ही मागणी रास्तच आहे. पण ती अपुरी आहे. कामाच्या जवळ, सार्वजनिक जमिनीवर, परवडणाऱ्या भाड्याची घरे ही आपली मुख्य मागणी असली पाहिजे.

शेवटी आपल्याविषयी एक शब्द. संध्याकाळच्या सभेला माणसे येत नाहीत, म्हणून आपण त्यांना उदासीन म्हणतो. रात्री नऊला घरी पोचणाऱ्यावर हा अन्याय आहे. त्याला वेळ नसेल, तर आपण फलाटाबाहेर, रविवारी त्याच्या वस्तीत गेले पाहिजे.