चेंगडूत एकट्याचं जेवण



चीनमध्ये राहून आलेल्या माणसाला आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मग, काय काय खावं लागलं?" विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे साप-विंचू असतात. सिचुआन प्रांताची राजधानी असलेल्या चेंगडूत मी नोकरीसाठी राहत होते. तिथे मला सापाने छळलं नाही, तिखटानेही नाही. छळलं ते टेबलाच्या आकाराने.

तिथलं चांगलं हॉटेल एकट्या माणसासाठी नसतंच मुळी. मोठं गोल टेबल, मधोमध फिरती काच आणि तिच्यावर सगळ्यांनी मिळून खायचे पदार्थ. थाळी हा प्रकार नाही. साधी वांग्याची भाजी मागवली तरी ती तिघाचौघांना पुरेल अशा बशीत येते. भात बहुतेक वेळा शेवटी; आधी हवा असेल तर तसं सांगून ठेवावं लागतं. चारजण गेले की सहा पदार्थ मागवतात आणि सहाही चाखतात. एकटा माणूस एकच मागवतो आणि तो संपवता संपवता कंटाळतो.

हॉटपॉटला तर एकट्याने जाणं म्हणजे शिक्षाच. टेबलात शेगडी, तिच्यावर लाल तेलाचा तवंग असलेला उकळता रस्सा. मिरच्या वर तरंगताहेत, बाजूला ताटल्यांतून कमळाच्या देठाच्या चकत्या, बटाटा, अळंबी, टोफूचे पापुद्रे, पातळ कापलेलं मांस. तिखट झेपत नसेल तर मधे आडवी पट्टी असलेलं भांडं मिळतं, एका बाजूला लाल रस्सा, दुसऱ्या बाजूला पांढरा. बुडवायला वाटीत तिळाचं तेल आणि ठेचलेली लसूण. प्रत्येक जिन्नस किती वेळ शिजवायचा हे तिथल्या पोरासोरांनाही पाठ असतं. गुरांच्या वजडीचा तुकडा चॉपस्टिकने धरून सात वेळा वर, आठ वेळा खाली, की लगेच तोंडात. हा सगळा उद्योग गप्पांच्या आधारे दोन-तीन तास चालतो. 'हायदीलाव' ही हॉटपॉटची मोठी साखळी 1994 मध्ये चेंगडूजवळच्याच च्यन्यांगमध्ये सुरू झाली. एकटं गिऱ्हाईक आलं तर तिथली मुलं त्याच्या समोरच्या खुर्चीवर एक भलंमोठं कापडी बाहुलं आणून बसवतात. हेतू चांगलाच असतो. पण बाहुल्याकडे बघत जेवताना आपण एकटे आहोत हे अख्ख्या हॉटेलला कळतं, त्याचं काय?

मग एकट्याने जेवायचं कुठे? गल्लीतल्या शेवयांच्या दुकानात. तिथे शेवया वजनावर मागवायच्या. 'ल्यांग' म्हणजे 50 ग्रॅम. एक, दोन किंवा तीन ल्यांग. भूक पाहून आकडा सांगा, वाडगा पुढ्यात हजर. जाड शेवयांवर गोडसर सोया, तीळ आणि मिरचीचं तेल घातलेला एक प्रकार मिळतो, त्यावर माझ्या कित्येक दुपारी निघाल्या. दुसरी सोय म्हणजे 'मावत्साय'. भाज्या आपणच निवडून टोपलीत घालायच्या, वजन करून द्यायच्या. दुकानदार त्या मसालेदार रश्श्यात शिजवून वाडग्यात ओततो. चेंगडूचे लोक म्हणतात, मावत्साय म्हणजे एकट्याचं हॉटपॉट. म्हणजे प्रश्न त्यांनाही ठाऊक आहे!

सिचुआनी जेवणातलं तिखट आपल्याला नवं नाही. मिरची त्यांच्याकडेही अमेरिका खंडातूनच आली आणि गेल्या दोन-तीनशे वर्षांत रुळली. त्याआधीपासून तिथे आहे ते 'ह्वाच्याव'. जिभेवर ठेवलं की ओठांना झिणझिण्या येतात आणि पाठोपाठ जीभ बधिर होते. कोकणातल्या आणि गोव्यातल्या श्रोत्यांना हे ओळखीचं वाटेल, कारण हे आपल्या तिरफळाचं भावंडच आहे. दोन्ही झाडं झँथोझायलम या एकाच प्रजातीतली. काळी बी टाकायची आणि वरचं साल वापरायचं, हेही सारखंच. आपण बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं घालतो आणि जेवताना बाजूला काढतो. सिचुआनमध्ये ह्वाच्यावची भाजून पूड करतात आणि ती कशावरही भुरभुरतात. हानयुआन नावाच्या तालुक्यातला ह्वाच्याव एकेकाळी बादशहाकडे नजराणा म्हणून जायचा. आपल्या हातगाडीवरच्या शेजवान चटणीत मात्र याचा मागमूस नसतो. ती चटणी मला आवडते, पण सिचुआनशी तिचं नातं नावापुरतंच.

चवीचं दुसरं मूळ चेंगडूच्या पीश्येन भागात आहे. मिरची आणि बाकल्याच्या बिया मोठमोठ्या रांजणांत आंबवायला ठेवतात. ऊन पडलं की झाकणं काढून काठीने ढवळायचं, पाऊस आला की झाकायचं. असं वर्षभर किंवा त्याहूनही जास्त. तयार होतो तो गडद तांबडा, खारट, उग्र वासाचा लगदा. चेहऱ्यावर देवीचे वण असलेल्या छन आडनावाच्या बाईंच्या खाणावळीत एकोणिसाव्या शतकात जन्मलेला मापो टोफू याच्याशिवाय होत नाही. टोफू म्हणून शाकाहारी मंडळी तो बिनधास्त मागवतात. सावधान: मूळ पद्धतीत त्यात गोमांसाचा खिमा असतो.

शाकाहारी माणसाचे हाल होतात हे खरं. 'मांस नको' म्हटलं तर भाजीतले तुकडे वगळतील, पण हाडांचा रस्सा आणि डुकराची चरबी राहीलच. यावर उपाय देवळात आहे. शहरात 'वन्शू' मठ आहे. वन्शू म्हणजे आपल्याकडून तिकडे गेलेला मंजुश्री बोधिसत्त्व. मठातल्या उपाहारगृहात संपूर्ण शाकाहारी जेवण मिळतं. चिनी बौद्धांच्या सोवळ्यात कांदा-लसूणही बसत नाही, त्यामुळे कांदा-लसूण न खाणाऱ्या पाहुण्याला घेऊन जायला ही चांगली जागा आहे. गंमत म्हणजे टोफू आणि गव्हाच्या चिकापासून मासा, कोंबडी यांची हुबेहूब नक्कल करून वाढतात.

बाकी रोजचं जगणं फोनवर चालतं. टेबलावरचा क्यूआर कोड फोनने टिपायचा, चित्रं पाहून बोट लावायचं, पैसे तिथेच चुकते. सुट्ट्या नोटा पाहून भाजीवालीचा चेहरा पडतो. 2023 पासून अलीपे आणि वीचॅटला परदेशी कार्ड जोडणं बरंच सोपं झालं आहे, ते निघण्यापूर्वीच करून टाकावं. हॉटेलात उतरलात तर पोलिसांकडची नोंद हॉटेलवाले करतात; कुणाच्या घरी राहिलात तर ती 24 तासांच्या आत आपल्याला करावी लागते. टीप कुणी मागत नाही, दिलीत तर गोंधळतात. पाणी मागा, गरमच येतं.

एकटेपणाचा त्रास न देणारी एक जागा या शहरात आहे, ती म्हणजे चहाघर. लोकउद्यानातलं 'हमिंग' चहाघर शतकभर जुनं आहे. झाडांखाली बांबूच्या खुर्च्या, बशी-वाटी-झाकण अशा तिहेरी कपात चमेलीचा चहा, शेजारी गरम पाण्याचा थर्मास. एका कपावर दुपार काढा, कुणी उठवत नाही. कान कोरणारा माणूस चिमट्याचा किणकिणाट करत फिरतो. पलीकडे माजाँगच्या सोंगट्यांचा खडखडाट चालू असतो.

पण चेंगडू खऱ्या अर्थाने चाखायचं असेल तर त्या गोल टेबलाशीच बसायला हवं. यजमान वाढायच्या वेगळ्या चॉपस्टिकने आपल्या बशीत घास ठेवत राहतो. आपली बशी रिकामी झाली की पुन्हा भरतो, म्हणून थांबायचं असेल तेव्हा थोडं उरू द्यावं. शेवटी बिलावरून दोन मोठी माणसं गल्ल्यासमोर खरोखर ढकलाढकली करतात. पाहुण्याने त्यात पडू नये.

तेव्हा चेंगडूला गेलात आणि ऑफिसातल्या कुणी जेवायला बोलावलं, तर तिखटाची सबब सांगून घरी बसू नका. आणि एक लक्षात ठेवा. हा देश इथून तिथपर्यंत बीजिंगच्याच घड्याळावर चालतो. पश्चिमेकडच्या चेंगडूत हिवाळ्यात सकाळचे आठ वाजायला येतात तेव्हा कुठे सूर्य उगवतो, तरीही रात्रीचं जेवण सहालाच. आमंत्रण सहाचं असेल तर सहालाच पोचा. आपल्यासारखे आठ वाजता गेलात, तर यजमान बिल देऊन घरी गेलेला असेल.