हलके छप्पर, पोकळ फलक
(मंदिर जीर्णोद्धारानिमित्त योजिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मराठीत ‘पोकळ’ हा शब्द काही चांगल्या अर्थाने वापरला जात नाही. बडा घर पोकळ वासा, पोकळ गप्पा, पोकळ आश्वासन! त्यामुळे बांधकामात कोणी पोकळ काँक्रीटचा विषय काढला की ऐकणाऱ्याच्या मनात प्रथम येते ते हेच, की ठेकेदार काहीतरी वाचवू पाहतो आहे. मंदिराच्या बाबतीत तर ही शंका अधिकच. देवाचे काम भरीव पाहिजे, दगडी पाहिजे, शंभर वर्षे हलता कामा नये, असे वडीलधारी माणसे म्हणतात आणि त्यात गैर काहीच नाही. मात्र भरीव म्हणजे मजबूत आणि पोकळ म्हणजे कमकुवत, हे समीकरण बांधकामशास्त्राला मान्य नाही. ते का मान्य नाही आणि जुन्या देवळाचे छप्पर बदलताना या प्रश्नाशी माणसांच्या जिवाचा कसा संबंध येतो, हा आजचा विषय.

कळकाची काठी सर्वांच्या परिचयाची आहे. ती आतून पोकळ असते, तरीही तिच्यावर मांडव उभा राहतो. त्याच वजनाची भरीव लाकडी काठी घेतली तर ती बारीक निघेल आणि लवकर वाकेल. याचे कारण असे की कोणतीही आडवी वस्तू भाराखाली वाकते तेव्हा तिची वरची बाजू दाबली जाते व खालची बाजू ताणली जाते. मधला गाभा जवळजवळ आळशीच राहतो. काँक्रीटच्या स्लॅबमध्येही तेच घडते. दाब घेते वरचे काँक्रीट, ताण घेते खालची सळई, आणि मधले काँक्रीट मुख्यतः या दोघांना एकमेकांपासून दूर धरून ठेवते. मग त्या मधल्या भागात लांब नळ्यांसारख्या पोकळ्या ठेवल्या तर ताकद फारशी कमी होत नाही, वजन मात्र तिसऱ्या हिश्श्याने किंवा त्याहूनही अधिक उतरते. कारखान्यात लांबच लांब साच्यावर तारा ताणून असे पोकळ फलक ओततात आणि मग करवतीने हव्या त्या मापाचे कापतात. भारतीय मानक संस्थेने अशा तयार पोकळ फलकांच्या छपरांसाठी १९८२ सालीच संहिता काढलेली आहे. म्हणजे ही कालपरवाची टूम नव्हे.

पोकळी ठेवण्याची दुसरी रीत अधिक गमतीची आहे. तिच्यात एक मोठी पोकळी नसते, लक्षावधी बारीक पोकळ्या असतात. बारीक दळलेली वाळू किंवा वीजकेंद्रातील राख, सिमेंट, चुना आणि पाणी यांच्या कालवणात चिमूटभर ॲल्युमिनियमची भुकटी टाकतात. चुन्याशी तिची क्रिया होऊन वायू सुटतो आणि ते कालवण ढोकळ्याच्या पिठासारखे फुगते. अर्धवट घट्ट झाले की तारेने त्याचे तुकडे कापतात आणि नंतर मोठ्या बंद टाकीत, सुमारे १८० ते १९० अंश उष्णतेच्या वाफेत, दाबाखाली आठ-दहा तास शिजवतात. प्रेशर कुकरच म्हणा ना! हा शोध स्वीडनमधला. जोहान आक्सेल एरिकसन या वास्तुतज्ज्ञाने १९२३-२४ च्या सुमारास तो लावला. लाकडासारखा हलका, करवतीने कापता येणारा, पण न जळणारा आणि न कुजणारा असा पदार्थ त्याला हवा होता. साध्या काँक्रीटचा एक घनमीटर सुमारे २४०० किलो भरतो. या फुगवलेल्या काँक्रीटचा ५०० ते ६५० किलो. त्याचा तुकडा पाण्यात टाकला तर तरंगतो.

तरंगणारा दगड म्हटले की कोणालाही रामसेतूची आठवण होणार! परंतु तरंगणारी वीट देवळाच्या शिखरात वापरल्याचे एक उदाहरण आजही उभे आहे. तेलंगणात पालमपेठ येथे रामप्पा मंदिर आहे. शिलालेखाप्रमाणे ते १२१३ सालचे, काकतीय राजा गणपतिदेव याच्या रेचर्ल रुद्र या सेनापतीने बांधलेले. खाली भक्कम दगडी काम, गाभाऱ्यावरील शिखर मात्र इतक्या सच्छिद्र आणि हलक्या विटांचे की त्या पाण्यावर तरंगतात. त्या कारागिरांनी हा हलकेपणा कंजूषपणाने आणला नाही. उंचावर जितके वजन कमी तितके खालचे खांब व पाया सुखी, हे त्यांना ठाऊक होते. २०२१ साली हे मंदिर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्याच्याही हजार वर्षे आधी रोममधील पँथिऑन या देवालयाच्या घुमटात असाच विचार दिसतो. खाली जड खडी आणि माथ्याकडे ज्वालामुखीतला हलका, फेसाळ दगड. तेव्हा हलके काम देवाला चालत नाही, असे म्हणण्यात अर्थ नाही.

महाराष्ट्रात फुगवलेल्या काँक्रीटचे फलक आणले ते सातारा जिल्ह्यातल्याच एका माणसाने. वाई तालुक्यातील पसरणी हे श्री. बी. जी. शिर्के यांचे गाव. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून शिकून त्यांनी बांधकामाचा व्यवसाय सुरू केला आणि १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत पुण्याजवळ मुंढवा येथे स्वीडिश पद्धतीच्या ‘सिपोरेक्स’ फलकांचा कारखाना काढला. पुढे त्यांच्या कंपनीने खांब, तुळया आणि छपराचे फलक सगळेच कारखान्यात ओतून जागेवर नुसते जुळवायची पद्धत बसवली. तिच्यातले खांबही पोकळ असतात. पोकळ खांब उभा करायचा, त्याच्या पोटातून सळ्या सोडायच्या, तुळयांची टोके त्यात गुंतवायची आणि मग काँक्रीट ओतून सगळे एकजीव करायचे. पोकळीचा हा आणखी एक उपयोग. १९१८ साली जन्मलेल्या शिर्के यांना २००३ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१० साली ते निवर्तले.

आता मुख्य मुद्दा. हलके छप्पर कशासाठी? पैसा वाचतो, पाया लहान चालतो, उन्हाळ्यात गारवा राहतो, हे सर्व खरेच. पण त्याहून मोठे कारण किल्लारीने शिकवले आहे.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंतचतुर्दशी. गणपती बोळवून माणसे दमून झोपलेली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात जमीन हादरली आणि सुमारे आठ हजार माणसे गेली. भूकंप सहा रिश्टरहून थोडा अधिक, म्हणजे जगाच्या हिशेबाने मध्यम. एवढ्या भूकंपात एवढी माणसे का गेली? अभियंत्यांनी पडलेली घरे तपासली तेव्हा उत्तर ढिगाऱ्यातच होते. दोन-तीन फूट, कोठे त्याहूनही रुंद अशा दगड-मातीच्या भिंती. बाहेरचा थर आणि आतला थर नीट रचलेला, मध्ये नुसती भर, आणि दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड नाही. त्यावर माळवद. उन्हापासून बचावासाठी माळवदावर फूट-दीड फूट, कोठे दोन फुटांपर्यंत माती, आणि पावसाळ्यापूर्वी दरसाल थोडी नवी. आजोबांनी घातली, वडिलांनी घातली, मुलानेही घातली. गळती थांबली, पण डोक्यावर मृत्यूचे ओझे वाढत गेले, हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

भूकंपाचा जोर वस्तूच्या वजनाच्या प्रमाणात लागतो. धावत्या एसटीत डोक्यावर पोते घेऊन उभे राहणाऱ्याची ब्रेक लागल्यावर जी अवस्था होते, तीच जड छपराच्या घराची. रिकाम्या हाताने उभा असलेला झोकांडी खाऊन सावरतो, पोतेवाला आडवा होतो. त्याच गावांतून आणखी एक गोष्ट दिसली. ज्या घरांत माळवद लाकडी खांबांच्या खणांवर तोललेले होते, तेथे पुष्कळ ठिकाणी भिंती ढासळल्या, पण खण उभे राहिले आणि त्यांच्याखालची माणसे वाचली.

याचा मंदिराशी संबंध असा. गावोगावी जीर्णोद्धार होतात तेव्हा बहुधा गाभारा तसाच ठेवतात आणि सभामंडपाचे जुने कौलारू किंवा पत्र्याचे छप्पर काढून त्याच जुन्या भिंतींवर ‘स्लॅब टाकतात’. स्लॅब पडला म्हणजे काम पक्के झाले, अशी समजूत आहे. देणगीदारालाही स्लॅबवर नाव लागलेले आवडते. थोडा हिशेब करून पाहावा. सभामंडप तीस फूट रुंद व चाळीस फूट लांब धरला तर छप्पर बाराशे चौरस फूट, म्हणजे सुमारे १११ चौरस मीटर. पाच इंची भरीव स्लॅबचे वजन जवळजवळ ३५ टन. त्यावर पाणी उतरावे म्हणून चार इंच विटांचा कोबा घातला की आणखी वीसेक टन. पंचावन्न टन, म्हणजे दहा टनी पाच-साडेपाच ट्रक माल भरून देवळाच्या माथ्यावर कायमचे उभे केल्यासारखे! आणि खाली भिंत कोणती, तर पणजोबांच्या काळची, मातीत बसवलेली. तेच छप्पर सहा इंची फुगवलेल्या काँक्रीटच्या फलकांचे केले तर फलकांचे वजन सळईसकट साधारण बारा-तेरा टन. वर दोन इंचांचा सिमेंटचा थर धरला तरी आणखी बाराच टन. ओझे निम्म्याहून खाली येते. तुळया दोन्ही रीतींत लागतातच, कारण तीस फुटांचे अंतर असा फलक एका दमात ओलांडू शकत नाही. दहा-दहा फुटांवर तुळया घेतल्या की दोन फूट रुंदीचा एक फलक सुमारे दोनशे किलोचा होतो; आठ-दहा जणांना तो साखळी-कप्पीने चढवता येतो. सेंटरिंगचे जंगल उभारावे लागत नाही, उत्सव तोंडावर आला असता ही सोयही लहान नव्हे.

हे ऐकून कोणी उद्याच फलकांची मागणी नोंदवायला निघू नये. या मालाचे दोषही आहेत. फुगवलेले काँक्रीट पाणी पिते. वरून जलरोधक थर व्यवस्थित नसेल तर आतल्या सळईला गंज लागतो. कारखान्यात सळईवर लेप देतात तो याचसाठी, म्हणून जागेवर फलक कापून सळई उघडी टाकणे हे पाप समजावे. साध्या काँक्रीटच्या मानाने त्याची दाब सहन करण्याची शक्ती चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतकीच असते. वाहतुकीत कोपरे फुटतात. कारखाना लांब असला तर गाडीभाडेच डोईजड होते. अशा वेळी तालुक्याच्या ठिकाणी मिळणारे साधे पोकळ सिमेंटचे ठोकळे भिंतीसाठी पुरेत, मात्र ते नीट पाणी मारून पिकवलेले असावेत. नखाने कोपरा खरवडला आणि वाळू झडली तर तो माल परत पाठवावा, मग विकणारा कोणाचा का पाहुणा असेना.

आणि सर्वांत मोठी गोष्ट सांध्यांची. तयार फलकांचे घर फलकात मोडत नाही, सांध्यात मोडते. लंडनच्या पूर्व भागात न्यूहॅम येथे रोनान पॉइंट नावाची बावीस मजली इमारत तयार फलकांनी बांधली होती. १६ मे १९६८ रोजी पहाटे अठराव्या मजल्यावरील एका बाईने चहासाठी गॅस पेटवला, गळती होतीच, स्फोट झाला. स्फोट तसा लहान. ती बाई स्वतः वाचली. पण कोपऱ्याची भिंत बाहेर फेकली गेली आणि तिच्या आधारावरचे वरचे मजले खाली आले, त्यांच्या आघाताने खालचेही कोसळत गेले. चार माणसे मेली. फलकावर फलक नुसते टेकवलेले, एकमेकांत गुंतवलेले नव्हते. पुढे १९८६ साली ती इमारत उतरवली तेव्हा काही सांध्यांत पक्क्या भरावाऐवजी वर्तमानपत्रांचे बोळे सापडले! साहेबाच्या देशातही गवंडी गवंडीच.

म्हणून सभामंडपाला फलक वापरायचे तर त्यांचा भार जुन्या भिंतीवर न टाकता नव्या खांबांवर व तुळयांवर घ्यावा. भिंतींच्या माथ्यावरून व दारांच्या वरून सलग सळईचा काँक्रीट पट्टा चारही बाजूंनी फिरवावा. पेटीला करकचून दोर बांधावा तसा. दोन फलकांमधल्या खाचेत सळई टाकून ती पट्ट्यात अडकवावी आणि मगच खाच भरावी. खाच भरताना समितीच्या एका तरी सभासदाने तेथे उभे राहावे, कारण एकदा गिलावा झाला की आत सिमेंट आहे की कागद, हे देवालाच ठाऊक. गाभाऱ्याच्या जुन्या दगडी कामाला नवे छप्पर चिकटवू नये, मध्ये दोन बोटांची फट ठेवावी. हादरा बसला तर दोघे आपापल्या चालीने हलतील, एकमेकांना धडका देणार नाहीत.

एक बारीक सूचना राहिली. सभामंडपात मोठी घंटा टांगायची असते, आणि भाविक ती जोर लावून वाजवतात. तिचा आकडा पोकळ किंवा फुगवलेल्या फलकात कदापि बसवू नये. तो तुळई ओततानाच तिच्या सळईत अडकवून ठेवावा. घंटेची जागा कोठे, हे पुजाऱ्यांना विचारून तुळईचे लोखंड बांधण्यापूर्वीच खडूने आखून घ्यावे.