बेटावरचा भूकंप

श्रोतेहो, भूकंप म्हटला की आपल्याला १९९३चं किल्लारी आठवतं. तिथे मदत रस्त्याने पोहोचली. अंदमान-निकोबारला तशी सोय नाही. मदत यायची ती जहाजाने नाहीतर विमानाने. शिवाय जमीन हलून थांबली, तरी समुद्राचं भय उरतंच.

२६ डिसेंबर २००४ रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राजवळ ९.१ तीव्रतेचा भूकंप झाला. तासाभराच्या आत त्सुनामीच्या लाटा निकोबारवर आदळल्या. ग्रेट निकोबारचं इंदिरा पॉइंट सुमारे सव्वाचार मीटर खचलं. ज्या जेट्टींवर मदतीची जहाजं लागायची, त्यांतल्या अनेक मोडून पडल्या.

याच भूकंपात सुमात्राजवळच्या सिमेउलुए बेटावर मात्र सुमारे ७८ हजार वस्तीपैकी अवघे सात जण दगावले. तिथे ना भोंगा होता, ना इशारा देणारी यंत्रणा. १९०७च्या लाटेनंतर आजी-आजोबा नातवंडांना एवढंच सांगत आले होते, की जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे हटला, तर डोंगराकडे पळा. लोक पळाले आणि वाचले.

हैदराबादच्या 'इन्कॉइस' संस्थेत २००७पासून त्सुनामी इशारा केंद्र आहे. पण भूकंप मोजून इशारा पोहोचायला काही मिनिटं लागतातच. किनाऱ्यावरच्या माणसाने त्याची वाट पाहू नये. हादरा हाच इशारा समजावा.

अंदमानला जाणाऱ्यांनी हॉटेलात सामान ठेवलं, की जवळची उंच जागा कुठे आणि तिथे पायी कसं जायचं, हे विचारून घ्यावं. रात्री चपला आणि टॉर्च उशाशी असू द्यावेत. नेहमीची औषधं, पाण्याची बाटली, शिट्टी आणि ओळखपत्र एका पिशवीत ठेवावं. हादरा बसताना भक्कम टेबलाखाली बसून डोकं सांभाळावं. तो थांबताच उंचावर जावं. पहिली लाट ओसरली म्हणून खाली उतरू नये. पुढची लाट तिच्याहून मोठी असू शकते. प्रशासन सांगेल तेव्हाच परतावं.

तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि समुद्रात अडकल्यास तटरक्षक दलाचा १५५४, हे क्रमांक कागदावर लिहून ठेवावेत. फोन लागला नाही, तर एसएमएस करून पाहावा. घरच्या मंडळींनी बेटाबाहेरचा एक नातेवाईक आधीच ठरवावा आणि सर्वांनी खुशाली त्यालाच कळवावी.

बाहेरची मदत येईपर्यंत शेजारीच एकमेकांचे मदतनीस असतात. म्हणून वस्तीत चालता न येणारं कोण आहे आणि त्याला कोण उचलून नेणार, हेही आजच ठरवून ठेवायला हवं.