राखणदार अडवतो तेव्हा

पुष्कळ शाळांतून आता लिनक्सवर चालणारा एखादा संगणक असतो. मुलांचे धडे त्यावर ठेवायचे, बाकीच्या यंत्रांनी ते मागून घ्यायचे. एके सकाळी अद्ययावतीकरण होते आणि काल उघडणारा धडा आज ‘परवानगी नाही’ म्हणतो. फाइलचा मालक तोच, हक्क तेच. मग अडवले कुणी?

लिनक्स फेडोरा किंवा रेड हॅट घराण्यातले असेल, तर बहुधा एसई-लिनक्सने. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने तो २००० साली सर्वांना खुला केला. २००३ पासून तो लिनक्सच्या गाभ्यातच आहे. प्रत्येक फाइलवर आणि प्रत्येक चालू प्रोग्रामवर त्याची चिठ्ठी असते. कुणी कशाला हात लावावा, हे नियमांच्या वहीत लिहिलेले. अद्ययावतीकरणात ही वही बदलते.

अशा वेळी कित्येक जण राखणदारालाच रजा देतात. काम चालू होते खरे. पण त्या काळात बनलेल्या फाइलींना चिठ्ठ्याच लागत नाहीत, आणि त्याला परत बोलावले की दुप्पट घोळ!

त्यापेक्षा नोंदवही वाचा. ‘ऑ-सर्च’ या आज्ञेने ‘एव्हीसी’ नावाच्या नोंदी काढा. कोणता प्रोग्राम, कोणती फाइल, दोघांच्या चिठ्ठ्या कोणत्या, सारे तिथे असते. बहुतेकदा नियम ठीक असतो, चिठ्ठीच चुकलेली. घरच्या फोल्डरातून फाइल हलवून आणली की जुनी चिठ्ठी तशीच येते. नक्कल केली तर साधारणपणे नव्या जागेची मिळते. कधी असेही होते, की गेल्या वर्षी कुणीतरी ‘सीएच-कॉन’ने हातानेच चिठ्ठी डकवलेली असते, आणि अद्ययावतीकरणाच्या वेळी चिठ्ठ्या नव्याने लावताना ती निघून जाते. आपण मात्र दोष नव्या वहीला देतो!

नेहमीच्या जागी ‘रिस्टोअर-कॉन’ ही आज्ञा योग्य चिठ्ठी परत लावते. पण आपण स्वतः काढलेला फोल्डर वहीला ठाऊक नसतो. तो आधी ‘सेमॅनेज’ने वहीत चढवावा, मग ‘रिस्टोअर-कॉन’ चालवावी. ही चिठ्ठी पुढल्या खेपेस टिकते.

‘ऑडिट-टू-अलाऊ’ नोंदीवरून नवा नियम लिहून देते. तो वाचल्याशिवाय बसवू नका. मागेल ते देणारी आहे ती.

आणि नोंदवहीत काहीच सापडले नाही तर? ‘सेट-एन्फोर्स शून्य’ देऊन क्षणभर पाहा. तरीही धडा उघडला नाही, तर राखणदाराचा संबंध नाही. उघडला, तर ‘सेट-एन्फोर्स एक’ लगेच द्या. काही नकार मुद्दाम नोंदवले जात नाहीत, ते ‘सेमॉड्यूल’ने उघड करून घ्यावे लागतात.